फक्त पुढचं बघणारा

शिकलगारांनी काउंटरच्या काचेवर गाडीत लावायचे दोन कॅमेरे ठेवले. एक बोटभर लांबीचा, काळा, एकाच डोळ्याचा. दुसरा जरा जाड, पुढे एक डोळा आणि पाठीला एक. जाड असलेल्याची वायर त्यांनी जोडली आणि आपला मोबाईल आमच्यासमोर धरला. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात दुकानापुढचा रस्ता दिसत होता. उसाची ट्रॉली, शेंगा भाजणारा, डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई. खालच्या अर्ध्या भागात मी होते. चेहरा मधोमध फुगलेला, कानांकडे ओढलेला, आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं घरच्या आरशात दिसायची त्याहून ठळक.

"बोला की वहिनी काहीतरी," शिकलगार म्हणाले.

"काय बोलू?" मी म्हणाले.

जरा वेळाने मोबाईलमधून माझाच आवाज परत आला. "काय बोलू?"

रणजित भावजी, माझे धाकटे दीर, खूश झाले. म्हणाले, हाच घ्यायचा, बाहेरचंही दिसतं, आतलंही, आणि बोललेलं सगळं ऐकू येतं. घरी बसून मोबाईलवर बघता येतं म्हणजे काळजीच मिटली. माझे सासरे दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. पांढरा सदरा, पायजमा, गुडघ्यावर टोपी. आमच्या बाजूला सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून माझे ते मामा. बाकी सगळ्यांचे आबा. हिंदुराव चव्हाण, एस.टी.तले निवृत्त ड्रायव्हर. ते माझ्याकडे बघत नव्हते. शेंगा भाजणाऱ्याकडे बघत होते.

मला तो मागचा डोळा नको होता. आणि का नको, हे तिथल्या एकाही माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या साली भाद्रपदात माझी आई गेली. मी माहेरी जाऊन आले, तीन दिवसांचं सुतक धरलं, तेराव्याला पुन्हा गेले आणि परतले, तेव्हा आमच्या घरात पाळणा हलत होता. जाऊबाईंची, स्नेहलची, ही दुसरी खेप म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. मुलगा झाला होता. घरात शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, वेखंडाचा वास. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मला न्हाणीपाशी गाठून डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, पोरी, वंगाळ झालं, तुझी आई सोन्यासारखी बाई होती. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण घरात ओली बाळंतीण हाय. तिच्या कानावर रडणं पडलं तर दूध आटतंय. येवढं सांभाळ."

त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितलं असणार. मी सांभाळलं. भाकरी थापताना सांभाळलं, धुणं वाळत घालताना सांभाळलं, बाळाला मांडीवर घेतलं तेव्हाही सांभाळलं. माझे मालक, धैर्यशील, फौजेत, तेव्हा राजस्थानात. त्यांना मातीलाही येता आलं नव्हतं. फोनवर रडावं तर फोन ओसरीवरच लागायचा, आणि ओसरीला लागून बाळंतिणीची खोली.

उरली गाडी. आमची जुनी पांढरी गाडी. मी धरणापलीकडच्या गावात शाळेवर शिक्षिका होते. त्या गावाला एस.टी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही मनात आलं तर. म्हणून मामांनी स्वतः मला गाडी शिकवली होती, गावातल्या पुरुषांची बोलणी खाऊन. वाईच्या पुढे रस्ता धोमच्या पाण्याच्या कडेने जातो. त्या पाण्याखाली माझ्या आईचं माहेर आहे. धरण झालं तेव्हा गाव उठलं, पार खंडाळ्याकडच्या माळावर जाऊन बसलं. आई दळताना, निवडताना, आजारपणात पडल्या पडल्या म्हणायची,

*धरणात गेलं गाव, पाण्यात गेली वाट*
*माहेराला जायाला मला कुठला गं घाट*

*पाण्याच्या गं तळाला माझ्या बापाचं अंगण*
*मासोळी बाई माझी, तिथं हळू धर रिंगण*

शाळा सुटली की मी त्या कडेला एका जांभळीखाली गाडी थांबवायची. काचा वर करायची. आणि आईच्या ओव्या म्हणायची. म्हणता म्हणता रडायची, रडता रडता म्हणायची. पुढे पुढे मला माझ्याही सुचू लागल्या.

*तुझं माहेर पाण्यात, माझं माहेर मातीत*
*आता दोघी सारख्या गं एका दिव्याच्या वातीत*

एवढं झालं की तोंड धुवायचं, पदर सारखा करायचा, आणि घरी येऊन बाळाची दुपटी घडी करायची. ती जांभळ नसती तर मी त्या घरात उभी राहू शकले नसते, हे मला तेव्हाही कळत होतं.

कधी कधी ओवी जांभळीपर्यंत थांबायची नाही. चालत्या गाडीतच ओठावर यायची. तशी एक दिवस आली, आणि धरणाखालच्या वळणावर समोरून एक पोरगा मोटरसायकलवर माझ्या अंगावर आला. चुकीच्या बाजूने. मी गाडी पार कडेला दाबली. तो खडीवर घसरला, माझ्या गाडीला न शिवता पडला, घोटा दुखावला. मी उतरून त्याला उठवत होते तोवर मागून त्याचा चुलता आला. माणसं जमली. चुलत्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई फोनवर बोलत होत्या. तोंड हलत होतं त्यांचं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

तोंड हलत होतं हे खरंच होतं. आता काय सांगायचं? आई जाऊन दोन-तीन महिने होतायत आणि ही गाणी म्हणत गाडी हाकते, असं लोकांनी म्हटलं असतं. मी नुसतं म्हणाले, फोन पिशवीत होता. माझ्या आवाजात जोर नव्हता, आणि लोकांना जोर नसलेलं ऐकू येत नाही.

मामा तिथे पोहोचले. ते खाली बसले, टायरच्या खुणा बघितल्या, पोराचा घोटा दाबून बघितला, त्याला दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून आणली. चुलता ते तोंडाचं पुन्हा सांगू लागला तेव्हा मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. विचारलं काहीच नाही.

पण गावात बोलणं पसरलं. चव्हाणांची सून फोनवर बोलत गाडी चालवते. घरात बैठक बसली. आत्याबाईंचं म्हणणं, किल्ली खुंटीला लावा, एस.टी.ने जाईल, नाही मिळाली तर रजा टाकेल. रणजित भावजींचं म्हणणं, काळ बदललाय, कॅमेरा लावू, म्हणजे पुन्हा कुणी बोट दाखवलं तर पुरावा हातात. आतलाही असायला पाहिजे. तोंड हलत होतं म्हणणाऱ्याला तोंडच दाखवू. त्यांना माझी बाजूच घ्यायची होती, आणि म्हणून तर मला काही बोलता येईना. किल्ली गेली तर जांभळ गेली. आतला डोळा आला तर गाडी राहूनही जांभळ गेलीच. मी एवढंच म्हणाले की नुसता बाहेरचा बास झाला. भावजी हसत म्हणाले, "का वहिनी, आत काय लपवायचंय?" चेष्टाच होती. पण आत्याबाईंनी भाजी चिरता चिरता मान वर केली.

म्हणून आम्ही साताऱ्याला आलो होतो. मी, भावजी, आणि मामा. मामांना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी ते टोपी घालून गाडीपाशी उभे होते, एवढंच.

शिकलगारांच्या दुकानात मामांनी बसल्या जागेवरून दोन्ही कॅमेरे न्याहाळले. मग एकेक विचारायला लागले. उन्हाळ्यात काच तापली तर हा टिकतो का? अंधारात समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो का? खड्ड्यात आपटलं तर चित्र हलतं का? शिकलगार जाणत्या गिऱ्हाईकावर खूश झाले, चहा मागवला. म्हणाले, आबा, दोन्हींचा पुढचा डोळा एकच आहे, फरक फक्त आतल्याचा.

"आतला झाकता येतो का?"

"झाकायचाच असेल तर घ्यायचा कशाला, आबा?" शिकलगार म्हणाले. "लोक तर टॅक्सीला हाच लावतात. गाडीत बाईमाणूस असेल तर मी स्वतः हाच सांगतो. माझ्या लेकीच्या गाडीला लावलाय. उद्या काही झालं, कुणी काच वाजवली, तर सगळं राहतं त्यात."

हे सगळं बरोबर होतं. त्याला तोड नव्हती. भावजी म्हणाले, "बघा." आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. राजस्थानातून. भावजींनी स्पीकर लावून फोन काउंटरवर ठेवला, दोन्ही कॅमेऱ्यांच्या मधे.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. वाऱ्याचा आवाज येत होता त्यांच्या बाजूने. मग म्हणाले, "आतला असलेलाच घ्या. मोबाईलवर मलापण दिसेल ना इथं?"

शिकलगार मोठ्याने म्हणाले, नेट असलं की जगात कुठेही दिसेल, साहेब.

"मग तोच घ्या," मालक म्हणाले. "वैजू शाळेत जाता-येता तरी दिसेल. तिची आई गेल्यापासून मी तिचं तोंड बघितलेलं नाही."

या एका वाक्यापुढे माझी सगळी अढी गळून पडली. तिकडे वाळूत बसलेल्या माणसाला बायकोचं तोंड बघायचंय, आणि मी म्हणणार नको? मी हो म्हणायला ओठ उघडलेही होते.

मामा स्टुलावरून उठले. फोन हातात घेतला, तोंडासमोर आरशासारखा धरला आणि म्हणाले, "धैर्या, तुला बायको बघायची असंल तर रजा टाक आणि ये."

शिकलगार चहाच्या कपात हसले. फोनमध्येही हसू आलं. मामा हसले नाहीत. म्हणाले, "ती तुला भेटंल तेव्हा भेटंल. तारेतनं चोरून बघायचं न्हाई. ठेव आता, उन्हात उभा राहू नको." आणि फोन भावजींच्या हातात दिला.

भावजी जरा चिडले. आबा, तुम्हाला कळत नाही, म्हणाले. तो माणूस फोनचं म्हणतोय, उद्या कोर्टात म्हणेल, तेव्हा काय दाखवायचं? मामा म्हणाले, फोनवर बोलणं झालं की न्हाई त्याची नोंद मोबाईल कंपनीकडं असती, ती काढ आणि त्या चुलत्याच्या हातात दे, त्याला कॅमेरा कशाला. भावजी म्हणाले, पण पुढच्यासाठी तर लागेल. तेव्हा मामा काउंटरपाशी आले आणि जाड कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या डोळ्यावर आपला अंगठा ठेवला. पडद्याचा खालचा भाग काळा झाला.

"माझ्या मागं तपासणीचा सायब येऊन बसला की माझा पहिला गिअर अडकायचा," ते म्हणाले. "जल्मभर गाडी हाकली, तरी अडकायचा. मानेवर डोळा असला की हात चुकतोय. तुला गाडी नीट चालायला पाहिजे का तिचं तोंड बघायला पाहिजे?"

भावजींनी खांदे उडवले. मग मामांनी शिकलगारांना विचारलं, त्या एका डोळ्याच्याला आवाज आहे का. शिकलगार म्हणाले, आहे, आतला आवाज साठवतो.

"तो बंद कर."

"आवाज तर पुराव्याला चांगला असतो, आबा."

"पुढचं बघायला कान कशाला पायजे? बंद कर. माझ्यासमोर कर."

शिकलगारांनी बंद केला. मामांना खात्री नव्हती. ते कॅमेऱ्यापुढे वाकले आणि "ए, ऐकू येतंय का?" असं ओरडले. शेंगा भाजणाऱ्याने वळून बघितलं. शिकलगारांनी ते चित्र लावून दाखवलं. रस्ता होता, ट्रॉली होती, आवाज नव्हता. मामांनी समाधानाने टोपी घातली.

काचेवर कॅमेरा बसवून झाला. भावजींना साताऱ्यात सिमेंटच्या एजन्सीचं काम होतं, ते मागून येणार होते. मी आणि मामा निघालो. ते माझ्या शेजारी बसले. मोठा रस्ता मागे पडला, पाचवडला आम्ही वळलो. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच हळदीचं शिवार. समोर तो काळा डोळा मुकाट्याने रस्ता बघत होता.

मला धीर नव्हता, तरी विचारलं. "मामा, आतला का नको म्हणालात?"

त्यांनी काच खाली केली, हात बाहेर ठेवला. मग म्हणाले, "एस.टी.त ड्रायव्हरच्या वर आतला आरसा असतोय. मागचं दार बघाया. ठावं हाय ना?"

"हो."

"मी नवा नवा लागलो तेव्हाची गोष्ट. लगीनसराई. आमच्या गाड्या खेड्यापाड्यातनं, वऱ्हाडच जास्ती. नवरीला बसवायची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागचं बाकडं. धक्के कमी बसतात. एकदा अशीच एक पोरगी. पंधरा-सोळाची आसंल. शिवंपर्यंत गप बसली. आणि शिव ओलांडल्यावर तिनं जे तोंड उघडलं. नुसतं रडणं न्हवं, म्हणत होती. आयला, भावाला, गोठ्यातल्या गाईला, एकेकाला हाका घालून म्हणत होती. गाडीतल्या समद्या बाया गप झाल्या. कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला."

पुढे बैलगाडी होती, मी वेग कमी केला.

"मी आरशात बघितलं," ते म्हणाले. "वाईट मनानं न्हाई. कोण म्हणतंय एवढं गोड, म्हणून बघितलं. आणि तिची नजर आरशात माझ्या नजरंला भिडली. झालं. पोरगी चाकू फिरल्यागत गप झाली. पदरानं तोंड पुसलं, ताठ बसली. सासर येईपर्यंत पुन्हा शब्द न्हाई. डोळं कोरडं. मी गाडी हाकत होतो आणि मला वाटत होतं, हिचं म्हणणं माझ्यापायी अर्ध्यात मोडलं. ते उरलेलं तिनं कुठं नेऊन ठेवलं आसंल?"

"मग?"

"मग काय. तवापासनं नवरी गाडीत चढली की मी आरसा वर फिरवायचो. छताकडं. कंडक्टर बोंबलायचा, चव्हाण, आरसा का फिरवला, दार दिसायचं न्हाई. मी म्हणायचो, दार तू बघ." त्यांना स्वतःचंच हसू आलं. "माझं बघून डेपोतल्या बाकीच्यांनी पण धरलं. शेवटी शेवटी तर नवरी चढली की कंडक्टरच म्हणायचा, आबा, आरसा."

मी रस्त्याकडे बघत राहिले. बैलगाडी बाजूला झाली होती आणि तरी मी तशीच हळू चालले होते.

"बाई माणसाला म्हणायला एक जागा लागती," मामा म्हणाले. "पूर्वी जातं हुतं. बाया दळायला बसल्या की आमचा आजा जागा असला तरी भिंतीकडं तोंड करून पडायचा. ऐकलं तरी ऐकलं न्हाई. आता जातं गेलं. म्हणणं कुठं जातंय?"

मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. त्यांनीच सांगितलं, पण बाहेर, उसाकडे बघत. असं, जणू कुणा तिसऱ्याचंच सांगतायत.

"त्या सोपानला मी सांगून ठिवलंय. सांजच्याला म्हशी जांभळीकडं न्हेऊ नको. आमची गाडी थांबती तिथं, इंजिन थंड व्हाया. मासं धरणारी दोन पोरं यायची, त्यास्नी पण पल्याडचा काठ दाखवला."

इतके दिवस मला वाटत होतं की ती जागाच सुनी आहे. पाण्याची कडा, सावली, घोटाभर गवत, आणि तरी कधी एक जनावर फिरकत नाही, एक माणूस डोकावत नाही. देवाची कृपा, असं मी समजून चालले होते. देव माझ्या शेजारी सदरा-पायजम्यात बसला होता आणि त्याने उसाकडे तोंड फिरवलं होतं.

"मामा, तुम्ही ऐकलंत?"

"न्हाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "गाडीच्या काचा वर असत्यात. लांबनं काय ऐकू येतंय."

त्यांनी जे सांगितलं नाही ते मी पुढेही कधी विचारलं नाही. लांबून न ऐकू येणाऱ्या गोष्टीसाठी माणूस म्हशी वळवत नाही, एवढं मला कळत होतं.

गावाचा फाटा आला. उजवीकडे आमचं घर, डावीकडे धरणाकडचा रस्ता. मी उजवीकडे वळायला दिवा लावला, तशी मामा म्हणाले, थांबव जरा. मी कडेला घेतली. म्हणाले, "मी हितनं चालत जातो. गुडघ्याला बरं असतंय. तू धरणाकडनं चक्कर मारून ये. कॅमेरा चालतोय का बघायला पायजे का नको?"

"घरी काय सांगू?"

"मी सांगतो की. गाडी तपासायला गेलीया म्हणून." उतरताना त्यांनी दार हलकेच लावलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं तसं. मग खिडकीतून वाकून एकच म्हणाले, "रस्त्यावर असताना तेवढं रस्त्याकडं बघ, पोरी. उरलेलं थांबल्यावर."

आणि ते चालायला लागले. गाडीच्या पुढून, घराच्या वाटेने. डावा पाय जरा ओढत. मला वाटलं, वळून हात करतील. माणूस सोडून जाताना एकदा तरी वळतो. ते वळले नाहीत. मी तिथेच बसले होते, इंजिन चालू होतं, काच वर होती, आणि माझा बांध तिथेच, फाट्यावरच, फुटला. जांभळीपर्यंत जायलाही उसंत मिळाली नाही. मी म्हणायला लागले, मोठ्याने, पोटातून, आईला हाक मारून. मामा तसेच चालत राहिले. उसाच्या कडेला एक ओळखीचा माणूस त्यांना भेटला, तो माझ्या गाडीकडे बघायला लागला. मामांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला फिरवलं आणि बोलत बोलत आपल्याबरोबर घेऊन गेले.

पुढे भावजींनी फोनची नोंद काढून त्या चुलत्याला दाखवली. तो कुरकुरला आणि गप्प झाला. किल्ली माझ्याकडेच राहिली. संक्रांतीला मालक रजेवर आले, आणि पहिल्याच दिवशी मी त्यांना जांभळीखाली घेऊन गेले. तिथे त्यांनी माझं तोंड बघितलं, हवं तेवढं. बाळाचं उष्टावण झालं तेव्हा तो माझ्याच मांडीवर बसला होता.

त्या कॅमेऱ्यात चित्रं साठत जातात आणि जुनी पुसली जातात. एखादं ठेवायचं असेल तर बाजूचं एक बटण दाबायचं, मग ते पुसलं जात नाही. हे मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका सरांनी दाखवलं, तोवर ते चित्र कार्डात शिल्लक होतं. मी बटण दाबलं. आता ती गाडीही नाही, तो कॅमेराही नाही. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्तीला आले आहे. मामा आहेत. नजर मंदावली आहे, ओसरीवर ऊन खात बसतात, आणि कुणाच्याही गाडीचा आवाज ऐकला की कोणता गिअर पडला ते सांगतात. ते चित्र मी एका कार्डातून दुसऱ्यात करत इथवर आणलं आहे. त्यांना कधी दाखवलं नाही. दाखवलं तर म्हणतील, त्यात काय बघायचंय.

खरंच काही नाही. ऊस आहे. मातीची वाट आहे. पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा माणूस पाठमोरा चालत जातो, वाटेत दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकतो, लहान लहान होत जातो, आणि शेवटपर्यंत वळून बघत नाही. आवाज नाही. मी तेव्हा काचेच्या अलीकडे काय म्हणत होते, ते त्यात कुठेच नाही, आणि मीही ते इथे लिहिणार नाही.